दानत

सुरुवातीलाच कबूल करते. माझं पहिलीपासून दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होतं, पण आठवड्यातून चार तास आणि तेही मार्कांपुरतं. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाईन की सिक्स्टी-नाईन, हे अजूनही मला क्षणभर थांबून ठरवावं लागतं. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख देतेय म्हटल्यावर आमच्या बॅचमध्ये जी काय हसाहशी झाली, ती रास्तच होती. तरीही लिहितेय. कारण एका मराठी शब्दावरून माझं आणि माझ्या आजीचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यात मी हरले.

तो शब्द म्हणजे 'दानत'.

झालं असं. मागच्या सेमिस्टरला आमच्या वर्गाच्या कार्यक्रमाची खजिनदार मी होते. 63 जणांकडून प्रत्येकी 200 रुपये, म्हणजे 12,600 जमले. मंडप, माईक, नाश्ता, बक्षिसं असं सगळं धरून खर्च झाला 10,750. उरले 1,850. कार्यक्रम झाला त्या रात्री राबणारे आम्ही चौदा जण पार थकलेले. मी म्हटलं, चला रे, आज माझ्यातर्फे पार्टी! मिसळ झाली, आईस्क्रीम झालं, 1,850 संपले. सगळ्यांनी टेबल वाजवून मला 'दिलदार' ही पदवी बहाल केली. खोटं कशाला बोलू, मला खूप भारी वाटलं.

पुढच्या रविवारी मी कन्नडला आजीकडे गेले आणि मोठ्या कौतुकानं तिला हे सांगितलं. म्हटलं, बघ आजी, तुझ्या नातीची दानत!

आजी शेंगा फोडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पैसे कोनाचे व्हते?"

"वर्गाचे. उरलेले."

"मंग त्याला दानत न्हाई म्हनत, माय."

आता मी व्याकरण काढलं. आजी, दान म्हणजे देणं. दानत म्हणजे देण्याची वृत्ती. मी दिलं की नाही? मग झाली ना दानत! इतकं सरळ लॉजिक आहे. त्यावर आजीनं एक गोष्ट सांगितली. घरातल्या सगळ्यांना ती पाठ आहे, मी मात्र कधी नीट ऐकली नव्हती.

1972 चा दुष्काळ. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात जुन्या माणसापुढे हा आकडा नुसता उच्चारला तरी पुढचा अर्धा तास कोणी उठत नाही. विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली, माणसं खडी फोडायच्या कामावर. आजोबांची चार एकर कोरडवाहू. घरात खाणारी सात तोंडं. तेव्हा कन्नडच्या बाजारातल्या एका दुकानदारानं आजोबांना दोन पोती ज्वारी दिली. वहीत नोंद नाही, अंगठा नाही, साक्षीदार नाही. 'पीक आल्यावर बघू' एवढंच बोलणं. पुढच्या दोन-तीन वर्षांत आजोबा सावरले, पण तोवर तो दुकानदार वारला होता. आजोबा दोन पोती ज्वारी बैलगाडीत घालून त्याच्या मुलाकडे गेले. मुलानं सगळ्या वह्या उलटसुलट केल्या. म्हणाला, तुमचं नाव कुठंच नाही, तुमच्याकडे काही बाकी नाही. आजोबा म्हणाले, "वहीत नाही, पण माझ्या ध्यानात आहे." आणि पोती उतरवून आले.

गोष्ट संपवून आजी म्हणाली, "त्या शेठची दानत व्हती म्हनून त्यानं दिलं. अन् तुझ्या आजोबाची दानत व्हती म्हनून त्यायनी फेडलं."

मी लगेच चूक पकडली. (कॉन्व्हेंटची सवय. समोरच्याच्या वाक्यातली चूक आधी दिसते, अर्थ नंतर.) वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा चूक. उधार घेतलेली ज्वारी परत करणं हे दान कसं काय? तो तर प्रामाणिकपणा. आजी म्हणाली, "मला काय कळतंय, मी काय शाळा शिकले?" तिनं शेंगांची टोपली उचलली आणि आत निघून गेली. तिचं हे वाक्य निघालं की समजावं, आपण हरलो आहोत, फक्त का हरलो ते अजून कळलेलं नाही.

ते कळलं हॉस्टेलवर. माझी रूममेट दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. आम्हा दोघींचं मराठी जवळपास सारखंच कच्चं, म्हणून आमचं छान जमतं. तिला हे भांडण सांगितलं तर ती म्हणाली, "दानत? वो दियानत होगा ना? दियानतदार मतलब ईमानदार." म्हणजे तिच्या कानाला त्या शब्दात दान ऐकूच आलं नव्हतं. तिनं थेट आजीच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकला होता.

मग मी लायब्ररीत गेले. मराठीचा मोठा 'महाराष्ट्र शब्दकोश' सात खंडांचा आहे, 1932 ते 1938 या काळात निघालेला. आमच्या लायब्ररीत त्याच्यावरची धूळ सिव्हिलच्या सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबला पुरेल एवढी आहे, पण कोश आहे. 'दानत' हा शब्द मूळ अरबी 'दियानत' वरून आलेला. संस्कृत 'दान' शी त्याचं जन्माचं नातं काहीच नाही. नावात साम्य असलेले दोन अनोळखी लोक असतात ना, तसं.

खरं तर कोश उघडण्याआधीच मला हे कळायला हवं होतं, कारण पुरावे शब्दातच आहेत. पहिला पुरावा लिंगाचा. दान हे नपुंसकलिंगी, ते दान. दानत मात्र स्त्रीलिंगी, ती दानत. 'दान' ला नुसता 'त' लावून असा स्त्रीलिंगी शब्द बनवायची पद्धत संस्कृतात नाही आणि मराठीतही नाही. उलट हे शब्द बघा : दौलत, इज्जत, नियत, किंमत, हिंमत, मेहनत, हरकत. सगळ्या 'त्या', सगळ्यांच्या शेवटी 'त' आणि सगळ्या अरबीतून फारसीमार्गे आलेल्या. दानत या रांगेत इतकी नीट बसते की तिला हुडकायला शेरलॉक होम्सची गरज नाही.

दुसरा पुरावा मला जास्त आवडला. आपण म्हणतो, 'देण्याची दानत लागते'. दानत म्हणजेच जर देण्याची वृत्ती, तर पुन्हा 'देण्याची' कशाला? त्याचा अर्थ इतकाच की दानत म्हणजे मुळात मनाची ठेवण, आतला नेक स्वभाव. तो कशाबाबतीत, ते वेगळं सांगावं लागतं. देण्याची दानत असू शकते, तशी फेडण्याचीही असू शकते. 'त्याची दानत चांगली नाही' असं गावाकडे म्हणतात तेव्हा तो माणूस कंजूष आहे असं नसतं म्हणायचं. त्याच्यावर भरवसा ठेवू नका, असं म्हणायचं असतं. थोडक्यात, आजीचं वाक्य दोन्हीकडून बरोबर होतं.

अरबीत तीन-तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर शब्द उभे राहतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच फ्रेम आणि तिच्यावर वेगवेगळी बॉडी. द-य-न या तीन अक्षरांखाली अरबी कोशात 'दीन' येतो, म्हणजे धर्म. त्याचा दुसरा अर्थ निवाडा. जगाच्या शेवटच्या हिशोबाच्या दिवसाला अरबीत याच 'दीन' चा दिवस म्हणतात. त्याच अक्षरांखाली 'दैन' येतो, म्हणजे कर्ज. आणि त्याच अक्षरांखाली दियानत, म्हणजे धर्मनिष्ठा, सचोटी. रूममेटनं हे वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं तेव्हा मी थक्क झाले. धर्म, कर्ज आणि सचोटी एकाच कुटुंबात!

पण मग माझ्या लक्षात आलं की आपल्या साध्या मराठीतही हेच आहे. 'देणं' या शब्दाचे अर्थ काय? एक, हातातलं दुसऱ्याला देणं. आणि दुसरा, दुकानदाराचं देणं, बँकेचं देणं, म्हणजे कर्ज. जे द्यायचं आहे ते देणं. आपल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही, कारण जन्मापासून ऐकतोय. आजोबांनी बैलगाडीतून नेलं ते देणं होतं आणि शेठनं दिलं तेही देणंच.

आता हा शब्द आजीपर्यंत आला कसा? आजी कधी शाळेत गेली नाही, उर्दूचं एक अक्षर तिला येत नाही. पण कन्नड, पैठण, औरंगाबाद, जालना हा सगळा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्याची भाषा उर्दू. हैदराबादला 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे तर उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतून. (म्हणजे तेव्हाचे इंजिनिअर व्हायवा उर्दूत देत असणार. आपण इंग्रजीत देतो आणि तरी काही येत नाही!) आजोबांची सुरुवातीची शाळा त्याच काळातली. पण फक्त निजामामुळे असंही नाही, कारण दानत हा शब्द पुण्यात, कोकणातही चालतो. फारसी-अरबी शब्द मराठीत त्याच्याही कितीतरी आधी, बहामनी आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळापासून मुरत आलेत. आमच्याकडे फक्त मुरंबा जास्त दिवस बरणीत राहिला, एवढंच.

शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातले फारसी शब्द बदलायला रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, हे आपण शाळेत शिकतो. कारभाराच्या शब्दांसाठी तो कोश होता. पण आजीच्या बोलण्यात बघा : नियत, इमान, इज्जत, हिंमत, बरकत, दानत. हे सगळे मनाचे शब्द आहेत, कचेरीतले नाहीत. ते टिकले आणि असे टिकले की आजीला सांगितलं, हे परके शब्द आहेत, तर ती माझ्याच तब्येतीची चौकशी करील.

मुक्कामात शब्दाचं रूपही बदलतं. दियानतमधला 'दि-या' घासून नुसता 'दा' राहिला. हिंदीत त्याच शब्दाचं 'दयानत' झालं. मला वाटतं तिकडच्या लोकांना त्यात 'दया' ऐकू आली असावी, जशी आपल्याला 'दान' ऐकू आली. ओळखीचा शब्द ऐकू आला की अर्थही हळूहळू तिकडे सरकतो. म्हणूनच आज 'दानत' म्हटलं की आपल्याला आधी देणगी, वर्गणी, पावतीपुस्तक आठवतं. भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. चूकच म्हणायची, पण लाखो लोकांनी मिळून केली की तिला अर्थ म्हणतात. असंच एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या खिशातलं आहे. अ‍ॅडमिशनच्या वेळी भरतो ती 'अनामत रक्कम'. हा शब्द अरबी 'अमानत', म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू. मराठीत म आणि न यांनी जागा बदलल्या आणि अनामत झालं. अमानत खाल्ली तर ती खयानत. दियानत असेल तर ती परत येते. (अनामत परत मिळण्याबद्दल अधिक माहिती फायनल इयरवाल्यांकडून घ्यावी.)

मग 'दान' बिचाऱ्याचं काय? तो शब्द आमच्या कन्नडचा किती जुना रहिवासी आहे, हे मी दिवाळीच्या सुट्टीत डोळ्यांनी बघितलं. कन्नड तालुक्यातच, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला बसेस भरून जातात, इथे मात्र आम्ही मावस-मामेभावंडं आणि माकडं एवढेच होतो. खोल दरीत पायऱ्या उतरून जायचं. लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकापासूनची, म्हणजे अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. दगड ठिसूळ, बराच भाग कोसळलेला. पण तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत एक शब्द येतो : 'दान'.

चैत्यगृहातला एक खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याच्या, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या कुळानं दिलेला. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांनी. विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचं दान आहे, त्याच्या मुलाचं आहे आणि त्याच्या मुलीचंही, दत्ता तिचं नाव. दोन हजार वर्षांपूर्वीची एका डॉक्टरची मुलगी, बापाच्या नावाशेजारी स्वतःच्या नावानं देणगी देते आणि ते दगडात कोरून घेते! मला ती फार आवडली. तिथेच सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीच्या तळहातावर कण्हदास सोनाराचं नाव आहे, पण त्याच्यापुढे दान नाही, ती मूर्ती त्यानं घडवली असं लिहिलंय. दिलं त्यानं 'दिलं' लिहिलं, केलं त्यानं 'केलं' लिहिलं. हिशोब चोख.

मी तिथे उभी राहून विचार केला की हे आजोबांच्या ज्वारीच्या अगदी उलट आहे. इथे एकेक खांब नावानिशी नोंदलेला, तिथे दोन पोत्यांची कुठेच नोंद नाही. नाव कोरणारे कमी मनाचे होते असं मला म्हणायचं नाही. पैठणहून या दरीपर्यंत येऊन अख्खा खांब देणं ही सोपी गोष्ट नाही. पण दान दिसतं, दगडावरसुद्धा दिसतं. दानत दिसत नाही, तिची पावती फाडता येत नाही. त्यामुळे दान आहे म्हणजे दानत असेलच असं नाही, हे आजी शेंगा फोडताफोडता मला सांगत होती.

मनाच्या मोठेपणासाठी बाकी भाषांत काय शब्द आहेत तेही मी जाता जाता बघितलं. शाळेत सिस्टरांनी आम्हाला 'मॅग्नॅनिमिटी' हा शब्द दहा वेळा लिहायला लावला होता. तो लॅटिन, मॅग्नस म्हणजे मोठा आणि अ‍ॅनिमस म्हणजे मन. आपला 'महात्मा' अगदी याच साच्यातला. 'जनरस' हा शब्द लॅटिनमध्ये मुळात चांगल्या कुळात जन्मलेला अशा अर्थाचा, म्हणजे मोठेपणाही वशिल्यानंच! संस्कृत 'उदार' मध्ये वर उठण्याची कल्पना आहे, उंच तो उदार. उलट 'कोत्या मनाचा' मधला 'कोता' फारसी, त्याचा अर्थ आखूड. आणि मला टेबल वाजवून दिलेली पदवी 'दिलदार' ? फारसीत तिचा अर्थ प्रेयसी किंवा प्रियकर! मन ज्याच्या ताब्यात आहे तो दिलदार. मराठीत येऊन तो मोठ्या मनाचा झाला. त्यातला 'दिल' मात्र परका नाही. तो, संस्कृतातलं 'हृद्' आणि इंग्रजीतला 'हार्ट', हे तिघंही मुळात एकाच घरचे.

असो. शब्दांचं एवढं कळल्यावर 1,850 रुपयांचा प्रश्न उरलाच. सेमिस्टर संपेपर्यंत मी तो टाळला. मग एका संध्याकाळी वर्गातली एक मुलगी भेटली. कार्यक्रमाच्या रात्री ती आमच्या चौदा जणांत नव्हती. बोलता बोलता ती सहज म्हणाली की वर्गणीचे 200 रुपये तिनं दुसऱ्या मुलीकडून उसने घेतले होते आणि ते मागच्या आठवड्यात फेडले. मला काही ऐकवायला म्हणाली असं नाही, तिला तर पार्टीचं माहीतही नव्हतं. पण मला त्या रात्रीचं आईस्क्रीम आठवलं आणि कानशिलं गरम झाली.

मी शेजारच्या दोन मुलांच्या गणिताच्या ट्यूशन घेते. त्यातले पैसे काढले. 1,850 भागिले 63 केले तर उत्तर येतं 29.365079 आणि हे सहाही दशांश अंक, म्हणजे 365079, पुन्हा पुन्हा येत राहतात. मी ते 29 रुपये 37 पैसे केलं आणि बासष्ट जणांना फोनवरून पाठवलं, माझा वाटा माझ्याकडेच. राउंडिंगमुळे तीसेक पैसे माझे जास्त गेले, ते सोडून दिले. सोबत सगळा जमाखर्च टाईप करून नोटीस बोर्डावर लावला, त्यात 'समारोपाची पार्टी, 14 जण, 1,850, खजिनदारानं परस्पर केलेला खर्च' अशी एक ओळ होती. ती ओळ टाईप करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

प्रतिक्रिया वेगवेगळ्या आल्या. कोणी 'हे काय नवीन?' असं विचारलं, कोणी हसणारे चेहरे पाठवले. पार्टीतल्या दोघा-तिघांना राग आला, त्यांचं म्हणणं असं की आता आम्ही चोर ठरलो. त्यांचंही काही चूक नाही, मी आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. नऊ जणांनी पैसे परत पाठवले. ते 264 रुपये 33 पैसे मी वेगळ्या पाकिटात ठेवून नव्या खजिनदाराकडे दिले, पाकिटावर नऊ नावं लिहून.

रात्री आजीला फोन केला. म्हटलं, आजी, तू बरोबर होतीस, दानत हा शब्द मुळात अरबी आहे, त्याचा अर्थ आधी प्रामाणिकपणा असा होता. लेण्यांचं सांगितलं, रूममेटचं सांगितलं, अमानत-अनामत सांगितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् त्या उसने घेतलेल्या पोरीला तिचे पैसे भेटले का?"

भेटले, मी म्हटलं.

"बरं झालं. आता त्या उर्दूवाल्या पोरीला घेऊन ये एकदा. शेंगा घेऊन जा म्हना तिला."